पोच मिळाली, तेव्हा मुदत सुरू झाली: आमच्या ग्रामपंचायतीतील सेवा केंद्राचा अनुभव

गावातील वडिलोपार्जित घराच्या दुरुस्तीसाठी पतसंस्थेकडून कर्ज घ्यायचे होते आणि त्यासाठी नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा व ग्रामपंचायतीची येणे बाकी नसल्याचा दाखला, अशी दोन कागदपत्रे हवी होती. त्यानिमित्ताने आमच्या ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्राचे काम पंधरवडाभर जवळून पाहता आले. हे दोन्ही दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यायच्या, सेवांमध्ये मोडतात. हा कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. त्यापूर्वी उतारा कधी मिळेल, हे ग्रामसेवक (२०२४ पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) गावात कोणत्या दिवशी येतात आणि त्यांच्याकडे किती कामे साचली आहेत, यावर ठरत असे. आता सेवा, शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेले) आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे, आणि आमच्याकडे तो दरवाजासमोरच लावलेला आहे.

पहिल्या दिवशी संगणक परिचालकाने दोन्ही अर्ज घेतले, फाइलमध्ये ठेवले आणि साहेब आले की सही होईल, असे सांगितले. बोलणे अतिशय नम्र होते, त्यामुळे मीही पोच मागितली नाही आणि ही चूक मला सहा दिवसांनी कळली. सातव्या दिवशी चौकशी केली, तेव्हा अर्जांची संगणकात नोंदच झालेली नव्हती. अर्ज मिळाल्याची तारीख, ठिकाण, अर्ज क्रमांक आणि निकालाची मुदत अर्जदाराला कळवलीच पाहिजे, असे कायद्यात स्पष्ट आहे. शिवाय सर्व कागदपत्रांसह अर्ज पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मुदत मोजली जाते. म्हणजे माझे पहिले सहा दिवस कागदोपत्री अस्तित्वातच नव्हते. मी फलकाकडे बोट दाखवून पोच मागितली, तेव्हा कोणतीही कुरकुर न करता त्याच बैठकीत दोन्ही अर्ज नोंदवले गेले आणि क्रमांक हातात आले.

त्यानंतरची सेवा मात्र मनापासून वाखाणण्याजोगी होती. नमुना ८ चा उतारा वीस रुपये शुल्काची पावती देऊन चौथ्या दिवशी मिळाला. दुसऱ्या दाखल्यात अडचण निघाली, कारण मागील वर्षी भरलेली घरपट्टी नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत चढवलेली नव्हती आणि त्यामुळे माझ्या नावावर थकबाकी दिसत होती. माझ्याकडे कर भरल्याची नमुना १० ची पावती होती, म्हणून ग्रामसेवकांनी समोर बसूनच नोंद दुरुस्त केली आणि दाखला दोन दिवसांत दिला. पावती जपून ठेवली नसती, तर तीच रक्कम पुन्हा भरण्याची वेळ आली असती.

ग्रामसेवकांकडे आमच्यासह आणखी एका गावाचा कार्यभार आहे. उशिराबद्दल पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यांच्याच डोक्यावर आहे, पण दिवसातले तास तेवढेच आहेत. राज्याने नवा कायदा करून मुदत बांधून दिली, त्या मुदतीत काम करणारे हात मात्र वाढवले नाहीत, आणि माझ्या मते या सेवेतील खरी उणीव इथेच आहे. परिचालकांचे मानधनही बराच काळ ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून दिले गेले. थकलेल्या मानधनासाठी राज्यभरातील परिचालकांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. ज्याच्या बोटांवर मुदत पाळली जाते, त्याचाच मोबदला असा अनिश्चित ठेवणे मला योग्य वाटत नाही.

अपिलाची व्यवस्था मला वापरावी लागली नाही. पहिले व दुसरे अपील पंचायत समितीच्या पातळीवर आहे, तर तिसरे अपील राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते. पहिल्या अपिलासाठी तीस दिवसांची मुदत आहे. मात्र अर्ज नोंदवलाच गेला नसेल, तर उशीर झाला हे सिद्ध कशाने करायचे? निराधार असल्याच्या दाखल्यासाठी आलेल्या एका वृद्ध आजींकडे पोच नव्हती आणि आपण नक्की कधी अर्ज दिला, हेही त्यांना सांगता येत नव्हते. त्यांच्यासारख्या माणसांनी पोच मागण्याची वाट न पाहता केंद्राने ती स्वतःहून द्यायला हवी.

सेवेचा दर्जा चांगला आहे, शुल्कात काहीही लपवाछपवी नाही, आणि कागदपत्रे पूर्ण असल्यास फेऱ्या माराव्या लागत नाहीत. केंद्रात जाणाऱ्यांनी घरपट्टीच्या मागील पावत्या सोबत न्याव्यात आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. फलकावर अपिलीय अधिकाऱ्यांचे पदनाम आहे, पण संपर्क क्रमांकाचा रकाना कोरा आहे. तो भरावा आणि ग्रामसेवक आमच्या गावात कोणत्या वारी असतात तेही त्याच फलकावर लिहावे, असा लेखी अर्ज मी सरपंचांकडे दिला आहे आणि या वेळी त्याची पोच घेतली आहे.