स्टेनलेसचा बोल्ट, अॅल्युमिनिअमची चौकट: वॉशर लावायचा की पेस्ट?

उघड्यावरच्या अॅल्युमिनिअमच्या चौकटीतला स्टेनलेसचा बोल्ट काही वर्षांनी काढायला गेलात की पाना फिरत नाही. डोक्याभोवती पांढरी पूड साचलेली असते आणि जोर केला तर बोल्टच तुटतो. बोल्ट चकचकीत, झिजलेलं असतं ते अॅल्युमिनिअम. दोन धातू टेकलेले आणि त्यांच्यामध्ये पाणी, की छोटी बॅटरीच तयार होते. ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आटे जाम होतात. स्टेनलेसच्या 304 या साध्या प्रकाराच्या जागी 316 हा जास्त गंजरोधक प्रकार घेतल्याने बोल्ट जास्त टिकेल, अॅल्युमिनिअम वाचणार नाही.

आधी भोक बघा. आरपार असेल तर नायलॉनचे वॉशर आणि स्लीव्ह (बोल्टच्या दांड्यावर चढवायची नळी) सर्वांत खात्रीचे, कारण ते धातूंचा संबंधच तोडतात. मात्र नुसत्या वॉशरवर थांबू नका. बोल्टचा दांडा भोकाच्या कडेला टेकला की केलेलं सगळं वाया. काम झाल्यावर, सगळं कोरडं असताना, मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) खुणेवर ठेवून त्याचं एक टोक बोल्टला, दुसरं चौकटीला लावा. बीप वाजला तर कुठेतरी स्पर्श होतोय. नायलॉन दाबाखाली बसतं आणि बोल्ट सैल पडतो, म्हणून त्यावर धातूचा रुंद वॉशर घाला. साधं नायलॉन उन्हाने ठिसूळही होतं. चौकटीला अर्थिंग लागत असेल तर त्याची तार वेगळी ओढावी लागेल, हे विसरू नका.

आटे थेट अॅल्युमिनिअममध्येच पाडलेले असतील तर स्लीव्ह बसत नाही. तिथे गंजरोधक पेस्टच. ती मुख्यतः पाणी आत शिरू देत नाही. आटे पूर्ण भरा, डोक्याखालीही लावा. घर्षण कमी होतं, तेव्हा पाना थोडा हलक्या हाताने ओढा. तांब्याची पूड असलेलं ग्रीस इथे नकोच, तांबं अॅल्युमिनिअमला आणखी खातं. बोल्ट उघडला की पेस्ट पुन्हा लावायची.

जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट स्वस्त पडतात, पण अॅल्युमिनिअम वाचतं ते जस्त संपेपर्यंतच. खाऱ्या हवेत ते लवकर संपतं.

मोठ्या अॅल्युमिनिअमवर मोजके बोल्ट आणि कोरडी हवा असेल तर फारसं काही करावं लागत नाही. उलटी जोडी, म्हणजे स्टेनलेसच्या पत्र्यात अॅल्युमिनिअमची रिबिट, मात्र टाळाच: सगळा मारा त्या एवढ्याशा रिबिटवर येतो.

समुद्राजवळच्या आरपार बोल्टला मी दोन्ही वापरतो: स्लीव्ह, वॉशर आणि नटाच्या आट्यांवर पेस्ट.