आर्थर रसेलचं 'वर्ल्ड ऑफ एको': हेडफोन लावूनच ऐका

गेले दोन महिने रात्री एकच सीडी लावतोय, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. आर्थर रसेल या अमेरिकन चेलोवादक-गायकाचा हा अल्बम मूळचा १९८६ चा, माझ्याकडे ऑडिका लेबलनं २००५ मध्ये परत काढलेली कॉपी आहे. अख्ख्या अल्बमभर एक माणूस, त्याचा गळा, त्याचा चेलो (व्हायोलिनचा मोठा भाऊ), हातानं वाजवलेला थोडासा ताल आणि एकोची, म्हणजे आवाज प्रतिध्वनीसारखा परत आणणारी यंत्रं, बस.

पहिल्यांदा फोनच्या स्पीकरवर ऐकला आणि खरं सांगतो, दुसऱ्या गाण्यातच बंद केला. शब्द कळेनात, चाल हाती लागेना, शेजारच्या खोलीत कुणीतरी दार लावून रियाज करतंय असं वाटत होतं. मग एका रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून पहिल्या 'टोन बोन कोन'पासून सलग ऐकला आणि उठावंसंच वाटेना. गज तारेवर घासताना जो खरखरीत आवाज येतो ना तो एकोतून परत येतो, तो विरायच्या आत पुढचा आघात पडतो, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेतून ठेका उभा राहतो! ड्रमसेट कुठेच नाही तरी पाय हलतो.

आईला एकदा 'अ‍ॅन्सर्स मी' ऐकवलं तर ती म्हणाली, हा सारंगी वाजवतोय का रे? आणि मला एकदम उजेड पडला. सारंगीवाला जसा गायकाच्या श्वासामागून येतो तसाच हा चेलो गळ्याला बिलगून येतो, फक्त इथे गाणारा आणि संगत करणारा एकच आहे. रसेल कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात हिंदुस्थानी संगीत शिकला होता. तेवढ्यावरून यात राग शोधत बसू नका, तसं काही नाहीये, पण सुरावर थांबून राहायची जी सवय आहे ती मला तरी तिथलीच वाटते.

माणूसच तसा होता. जन्म १९५१ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं ऑस्कालूसा हे छोटं गाव. तरुणपणी घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोला बौद्ध कम्यूनमध्ये राहिला, १९७३ ला न्यूयॉर्कला आला. तिथं 'द किचन' या प्रायोगिक संगीताच्या जागेचा म्युझिक डायरेक्टर असताना त्यानं मॉडर्न लव्हर्स या चक्क रॉक बँडचा कार्यक्रम ठेवला. कवी अ‍ॅलन गिन्सबर्गच्या कवितांना चेलोची साथ केली. आणि हाच माणूस डिस्कोच्या क्लबात जाऊन हरखून गेला, १९७८ ला डायनॉसॉर नावानं 'किस मी अगेन' काढलं, मग लूज जॉइंट्स, मग डायनॉसॉर एल, इंडियन ओशन, दर वेळी नाव वेगळं. लूज जॉइंट्सच्या एका गाण्याचा डीजे लॅरी लेव्हाननं केलेला मिक्स, म्हणजे नव्यानं जुळवलेलं रूप, न्यूयॉर्कच्या पॅराडाईज गॅरेज क्लबमध्ये गाजला. शास्त्रीयवाले, रॉकवाले आणि नाचणारे यांना तो एकाच रांगेत बसवत होता आणि मला हे फार मोठं वाटतं.

म्हणूनच एक करा, इंडियन ओशन नावानं त्यानं केलेलं 'स्कूल बेल/ट्रीहाऊस' आधी ऐका, ते नाचायचं आहे, आणि मग 'वर्ल्ड ऑफ एको'मधलं 'ट्री हाऊस' ऐका. तेच गाणं, पण अंगावरचे सगळे दागिने काढून ठेवल्यासारखं. मी त्या रात्री दोन्ही आलटून पालटून किती वेळा लावली मोजलं नाही.

तक्रारी आहेत. मधल्या भागात गाणी एकमेकांत विरघळतात, कुठलं संपलं नि कुठलं सुरू झालं कळत नाही, आणि घाईत ऐकायचा हा अल्बमच नाही, गाडीत तर अजिबात लावू नका, निम्मं ऐकूच येत नाही. सीडी ज्या विक्रेत्याकडून मागवली त्यानं साध्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवली, केसचा कोपरा तुटून आला, दोन मेल केले, उत्तर नाही. डिस्क सुदैवानं धड होती.

रसेल गाणं संपलं असं कधी म्हणायचाच नाही. एकाच गाण्याचे मिक्सवर मिक्स करायचा आणि वॉकमनवर ते ऐकत शहरभर फिरायचा. ४ एप्रिल १९९२ ला एड्सनं गेला, वय अवघं ४०, मागे हजारावर टेप्स. त्या त्याच्या जोडीदारानं, टॉम लीनं सांभाळल्या म्हणून आज आपल्याला एवढं ऐकायला मिळतंय. २००४ ला त्यातूनच 'कॉलिंग आऊट ऑफ कॉन्टेक्स्ट' हा अल्बम आला, तोही घ्या.

ज्यांना शब्द स्पष्ट लागतात त्यांनी आधी त्याचाच 'लव्ह इज ओव्हरटेकिंग मी' हा अल्बम घ्यावा, त्यात साधी गिटारवरची गाणी आहेत, ओळख पटकन होते. बाकीच्यांनी सरळ हाच. आवाज फार मोठा ठेवू नका, गजाचा तो बारीक आवाज ऐकू आला की तेवढाच बरोबर आहे.