होडी पाण्यात उतरवायची: ट्रॅक्टरची ट्रॉली, रोलरचा ट्रेलर की फळ्यांचा?

गोसेखुर्दच्या फुगवट्यात, इटियाडोहवर, मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणात डोंग्याच्या जोडीला फायबरची होडी आली की सगळी चर्चा इंजिनाची होते. ही होडी रोज काठावरून पाण्यात कशी जाणार आणि परत वर कशी येणार, हे मात्र कोणी आधी बघत नाही. 16 फुटी फायबर होडी रिकामी 200 ते 250 किलोची. त्यात 35–40 किलोचं इंजिन, पेट्रोलची टाकी, ओली जाळी, दोर, नांगर धरा. ओढायचं वजन साधारण 350 किलो होतं आणि ट्रेलरचे 150 ते 200 किलो वेगळे. चौघांनी उचलून न्यायची ही वस्तू नाही.

ट्रेलर घ्यायलाच हवा असंही नाही. तुमची संस्था एकाच धरणावर मासेमारी करत असेल आणि काठावर राखण असेल, तर होडी पाण्यातच बांधून ठेवा आणि फक्त इंजिन घरी न्या. पाणी उतरत जाईल तशी होडी दर दोन-चार दिवसांनी खाली सरकवावी लागेल, नाहीतर ती गाळात बसते. पावसाळ्यात आत साठलेलं पाणी उपसावं लागेल. तरीही ट्रेलरपेक्षा हा खर्च आणि ही कटकट कमीच. ज्यांना दोन-तीन मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि एक धरण असं फिरावं लागतं, ज्यांच्या काठावर राखण नाही, किंवा ज्यांची होडी शोध-बचावासाठी कुठेही न्यावी लागते, त्यांनी पुढचं वाचावं.

आधी काठ मोजा

ट्रेलरची निवड होडी बघून करू नका, काठ बघून करा. मोजायला एक बांबू आणि टेप पुरे. पाण्याच्या कडेपासून सरळ 15 फूट आत जा आणि तिथली खोली मोजा. 15 फूटच का? 16 फुटी होडीच्या ट्रेलरची चाकं आणि ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं यांत साधारण तेवढंच अंतर असतं. त्यामुळे गाडीची मागची चाकं पाण्याच्या कडेला थांबली, तर ट्रेलरची चाकं किती पाण्यात असतील ते या एका मापावरून कळतं.

तिथे 2 फूट पाणी लागलं तर उतार साधारण 8 फुटाला 1 फूट आहे. बांधीव उतार करतानाही जवळपास हाच धरतात, 12 ते 15 टक्के. अशा काठावर कोणताही ट्रेलर चालतो. 1 फूटच लागलं तर निवड जपून करावी लागते. 9 इंचांच्या आत असेल तर गाडी मागे लावून सरळ उतरवण्याचा विचारच सोडा, दोराची पद्धत वापरा. ती पुढे सांगितली आहे.

हे माप ऑक्टोबरात घेऊन थांबू नका. तलाव भरलेला असतो तेव्हा पाणी मुरमाच्या पट्ट्याला टेकलेलं असतं आणि सगळं सोपं दिसतं. कालव्याला पाणी सुटू लागलं की ते मुरूम सोडून खाली जातं आणि फेब्रुवारीनंतर मध्ये उरतो गाळाचा, कन्हार म्हणजे काळ्या चिकट मातीचा सपाट पट्टा. ट्रेलर एप्रिलच्या काठासाठी घ्यायचा असतो.

ट्रॅक्टरची ट्रॉली

घरची ट्रॉली आहे, तर वेगळा ट्रेलर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वर्षातून दोन-तीनदा होडी न्यायची असेल तर ट्रॉलीच बरी. पण तिचा तळ जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असतो. म्हणजे होडी ट्रॉलीवरच तरंगेल एवढ्या खोल पाण्यात ट्रॉली नेताच येत नाही. दोन लांब बल्ल्या तिरप्या टेकवून, त्यावरून माणसं लावून होडी घसरवावी लागते. उतरवताना सहा माणसं भागतात, ओली होडी वर चढवताना आठही कमी पडतात. बल्ली सटकली तर होडीचा कणा ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आपटतो आणि फायबरला तिथेच तडा जातो.

ट्रॉली दोन चाकांची की चार चाकांची, हेही बघा. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस दांडीबरोबर वळतो, म्हणजे तिला वळायला दोन सांधे असतात. ती उताराला सरळ रिव्हर्स घेणं मुरलेल्या ड्रायव्हरलाही जमत नाही. दोनचाकी असेल तरच काठावर न्या.

बैलबंडीचा टायरवाला आस वापरून ट्रेलर बनवून घेणारेही आहेत. ट्रॅक्टरमागे सावकाश जायचं असेल तर चालतं. पिकअपमागे 50 च्या वेगाने नेलात तर मात्र हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापतो, कारण तो आस बैलाच्या चालीसाठी केलेला असतो.

रोलर की फळ्या

खरी तुलना या दोघांची. रोलरच्या ट्रेलरवर होडीचा कणा रबरी किंवा नायलॉनच्या रोलरांवर टेकतो आणि ढकलली की ती घरंगळते. फळ्यांच्या ट्रेलरवर होडीच्या लांबीला समांतर दोन किंवा चार फळ्या असतात. होडी त्यांच्यावर बसते, आणि उतरवायची म्हणजे ट्रेलर पाण्यात नेऊन ती तरंगवायची.

रोलरवाल्याला पाणी कमी लागतं. ट्रेलरची चाकं फूटभर बुडाली की होडी सुटते. म्हणून बांबूने मोजल्यावर 15 फुटांवर 1 फूटच पाणी लागलं आणि तुमच्याकडे पिकअप असेल, तर रोलरच घ्या, पिकअपची चाकं कोरडी राहतील. फळ्यांच्या ट्रेलरची चाकं जवळजवळ पूर्ण, म्हणजे 2 फूट, बुडावी लागतात. त्याच काठावर ओढणारी गाडी फूटभर पाण्यात जाते. ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या चाकाला फूटभर पाणी म्हणजे काहीच नाही. पिकअपचा सायलेन्सर आणि मागचा हब मात्र पाण्यात जातात. थोडक्यात सौम्य उतारावर ट्रॅक्टर असेल तर फळ्या, पिकअप असेल तर रोलर. चांगला उतार असेल तर दोन्हीला फळ्याच चांगल्या, असं आमचं मत आहे. त्याची कारणं अशी.

फळ्यांवर होडीचं वजन पसरतं. रोलरवर ते चार-सहा ठिकाणी एकवटतं. होडी महिनोन् महिने ट्रेलरवरच उन्हात उभी राहिली, तर रोलरच्या जागी तळ आत दबतो. पत्र्याच्या होडीला तर पोचेच येतात. रोलरचा आसही गंजून जाम होतो. मग रोलर फिरत नाही, होडी त्यावर घासते आणि वरचा गुळगुळीत थर जातो. ऋतूला एकदा प्रत्येक रोलर हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर आस काढून ग्रीस लावा.

दुसरं कारण सुरक्षेचं. 350 किलोची होडी 8 फुटाला 1 फूट उतारावर रोलरवर ठेवली, तर ती 40 किलोहून जास्त जोराने खाली ओढत असते. होडीला पुढून हुकाने धरणारा पट्टा पाण्याच्या आधीच सोडला तर ती कोरड्या मुरमावर येऊन पडते. एकटा माणूस तिला धरू शकत नाही. रोलरवाल्याचा नियम एकच: ट्रेलर पाण्यात थांबून, हँडब्रेक लागून, चाकांमागे दगड लागल्याशिवाय पुढचा हुक सोडायचा नाही. फळ्यांवर घर्षण असल्यामुळे होडी तरंगेपर्यंत जागची हलत नाही.

होडी वर घेताना पारडं थोडं उलटं फिरतं. रोलरवर विंचने, म्हणजे हँडल फिरवून पट्टा गुंडाळणाऱ्या ड्रमने, ओढली की होडी येते, ट्रेलर खोल न्यावा लागत नाही. फळ्यांवर ट्रेलर नेमका किती बुडवायचा हे जमावं लागतं. कमी बुडवला तर विंचवर सगळा जोर येतो. जास्त बुडवला तर होडीचा मागचा भाग वाऱ्याने फिरतो आणि ट्रेलर बाहेर ओढल्यावर ती तिरकी बसलेली दिसते. तिरकी बसली तर ढकलाढकली करू नका, पुन्हा पाण्यात नेऊन सरळ करा. फळ्या आधी पूर्ण भिजवून घ्या आणि मग त्यांचा पुढचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर ठेवा, इथून सुरुवात करून आपल्या काठाचा अंदाज बसवा. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना पाईपचे उभे खांब लावले तर होडी आपोआप मध्ये येते. ट्रेलर पाण्यात दिसेनासा होतो तेव्हा ड्रायव्हरला तेवढाच आधार असतो.

इंजिनाच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवायची सवय लावून घेऊ नका. पंख्याच्या झोताने ट्रेलरमागची माती उडते आणि दोन महिन्यांत तिथे खड्डा पडतो. पुढच्या वेळी ट्रेलरची चाकं त्यातच अडकतात.

फळीसाठी साग घ्या. निलगिरी ओली-सुकी होत राहिली की पिळते. बोल्टची डोकी फळीत खोल बसवा, फळीवर लावलेला गालिचा झिजला की तीच होडीचा तळ खरवडतात. गालिच्याऐवजी सिंचनाचा एचडीपीई पाईप उभा चिरून फळीवर बसवला तर होडी सहज सरकते. पण तसं केलंत की रोलरवाला हुकाचा नियम तुम्हालाही लागू झाला. खाणीतून मिळणारा जुना रबरी पट्टा मात्र लावू नका, तो फायबरला धरून ठेवतो.

मधला एक मार्गही आहे: वजन फळ्यांवर आणि सगळ्यात मागे कण्यासाठी एकच रोलर. चढताना टोक त्यावर येतं आणि सरळ रेषेत राहतं. वेल्डिंगच्या दुकानात ट्रेलर बनवून घेणार असाल तर हाच सांगा.

गाळाचा काठ

गाळात हे तिन्ही हरतात. धानाच्या चिखलणीची केजव्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून ट्रॅक्टर गाळात जाईलही, पण मागच्या ट्रेलरची अरुंद चाकं रुततात आणि ट्रॅक्टर जोर लावेल तशी आणखी खाली जातात. इथे ट्रॅक्टर मुरमावरच थांबवा. ट्रेलरच्या दांडीला पुढे एक छोटं फिरतं चाक बसवून घ्या, ट्रेलर सोडा आणि 40–50 फुटी साखळीने किंवा तारेच्या दोराने हळूहळू खाली जाऊ द्या. चाकांखाली बांबूचे तट्टे किंवा फळ्या अंथरा. नायलॉनचा दोर नको. तो ताणला जातो आणि तुटला तर झटक्याने परत येतो. दोराच्या रेषेत आणि ट्रेलरच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, लहान पोरं तर अजिबात नाहीत.

परत ओढताना साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच लावा. आसाला किंवा वरच्या लिंकला लावली आणि ट्रेलर रुतला, तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो.

दोन्ही ट्रेलरना लागू

रस्त्यावरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढे कधीतरी भर रस्त्यात चाक जाम होतं. 15–20 मिनिटं थांबा. तेवढ्यात होडीचं मागचं बूच लावा, दिव्यांची वायर काढा, मागचे पट्टे सोडा, सामान भरा. पुढचा हुक राहू द्या.

बाहेर आल्यावर पहिलं काम बूच काढण्याचं. होडीत चार बोटं पाणी राहिलं तरी वजन दोन-तीनशे किलोंनी वाढतं, आणि ते पाणी चढावर मागे धावतं. तसं झालं की ट्रेलरची दांडी वर उचलते. एरवी एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार दांडीवर असायला हवा. 500 किलोच्या ट्रेलरला 25 ते 50 किलो. दांडी हलकी असेल तर ट्रेलर रस्त्यावर झोलतो.

विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर पट्ट्याचा पहिला वेढा असतानाची असते. वेढे चढत जातील तशी ती घटते. म्हणून 350 किलोच्या होडीला 500 किलोचा विंच घ्या. ओझं असताना खटका सोडू नका, हँडल उलटं फिरून मनगट मोडतं.

ट्रेलरला अडकलेली बेशरमची फांदी किंवा जलपर्णी काठावरच काढून टाका. बेशरम कांडीपासून फुटते आणि पुढचा मामा तलाव तिला पुरेसा असतो.

बनवायला देताना दुकानदाराला होडीची लांबी सांगून भागणार नाही. तळाची रुंदी, पुढच्या टोकापासून कणा कुठे सपाट होतो ते अंतर, इंजिनासह मागच्या भागाचं वजन आणि तुमच्या गाडीच्या हुकाची जमिनीपासूनची उंची ही चार मापं लिहून न्या. जमलं तर होडीच तिथे घेऊन जा. चाकं पुढे-मागे सरकवून बसवता येतील असे यू-बोल्टच लावायला सांगा, एकदम वेल्ड करू देऊ नका, कारण दांडीवरचा भार इंजिन बसल्यावरच नीट कळतो. आणि डांबरी रस्त्यावर न्यायचा असेल तर ट्रेलरची आरटीओत नोंदणी लागते, तिला लागणारे कागद कोण देणार हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारून घ्या.