पायताण ऑनलाइन विकायचं तर जोखीम कुणाच्या अंगावर? तीन वाटांची तुलना

कोल्हापूरच्या सुभाषनगरात आमच्या घरी तिसरी पिढी पायताणं करते. ओळखीतले कारागीर मला विचारतात, माल ऑनलाइन कुठं टाकावा? कमिशन, कुरिअर, रिटर्नचा हिशेब ते घालूनच आलेले असतात. मी त्यांना आधी अटींमधलं एक कलम उघडायला लावतो, कारण ते न वाचल्याचा फटका आम्ही खाल्लाय. भाच्यानं इंटरनेटवरून उचललेला एक फोटो आमच्या कापशी घडणीच्या चपलेच्या जोडाला लावला. फोटो ज्याचा होता त्यानं प्लॅटफॉर्मकडं दावा केला. प्लॅटफॉर्मनं त्याच्याशी परस्पर तडजोड केली आणि वकिलाच्या खर्चासकट रक्कम आमच्या पेमेंटमधून वळती करून घेतली. चूक आमची होती, मान्य. पण किती द्यायचं हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि न विचारायची मुभा आम्हीच टिक करून दिली होती.

हे कलम क्षतिपूर्तीचं, म्हणजे इंडेम्निटीचं. बँकेत एफडीची पावती हरवली की आपण स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, ‘उद्या कुणी हक्क सांगत आला तर बँकेचं नुकसान मी भरून देईन.’ त्यातलीच ही गोष्ट. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२४ मध्ये असा करार बसतो, मग नुकसान लिहून देणाऱ्याच्या वागण्यानं झालेलं असो की तिसऱ्याच कुणाच्या. त्यामुळं शब्द तोलून बघावे लागतात.

पहिली वाट मोठ्या मार्केटप्लेसची. इथलं कलम सगळ्यात लांबलचक असतं: माल, वर्णन, फोटो, ट्रेडमार्क, कर, ग्राहकाला झालेली इजा. त्याला कारणही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ प्लॅटफॉर्मला विक्रेत्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ म्हणून संरक्षण देतं, पण अटी घालून. २०१८ मध्ये क्रिस्टियन लुबुटाँ या महागड्या बुटांच्या ब्रँडच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या प्लॅटफॉर्मला हे कवच आपोआप मिळणार नाही. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वर्णन आणि फोटो खऱ्या मालाशी जुळतात, असं हमीपत्र मार्केटप्लेसला विक्रेत्याकडून घ्यावंच लागतं. इथवरची जबाबदारी मला रास्त वाटते. खरी अडचण ही, की तुमचे पैसे त्यांच्या हातात असतात. वसुलीसाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, पैसे परत मागायला मात्र तुम्हाला चढावी लागते.

आपल्या धंद्यात ‘कोल्हापुरी’ हे नावच जोखमीचं आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. बाहेरून मशीनचा माल आणून तो कोल्हापुरी म्हणून टाकलात तर मानांकन कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. वर प्लॅटफॉर्मला झालेला खर्च क्षतिपूर्तीच्या कलमानं तुमच्याच नावावर.

दुसरी वाट सोशल मीडियावरच्या पेजची. इथलं कलम बहुधा चार ओळींत आटोपतं, पण ‘तुमच्या वापराशी कोणत्याही प्रकारे संबंधित’ असे शब्द आले की त्यातून काहीच सुटत नाही. कागदावर ही वाट मार्केटप्लेसपेक्षा वाईट. व्यवहारात मात्र तुमचं पेमेंट त्यांच्याकडं अडकलेलं नसतं, म्हणून कापून घ्यायलाही काही नसतं. सांभाळायचं ते रीलवर. धंद्याच्या खात्यावर सिनेमाचं गाणं परवानगीशिवाय लावू नका.

तिसरी वाट स्वतःच्या वेबसाइटची. इथं करार दोन: साइट बनवून देणाऱ्या सेवेचा आणि पेमेंट गेटवेचा. क्षतिपूर्ती दोन्हींत असते, पण ग्राहक तुमच्या नावानं, तुमच्याच दुकानातून घेतो, त्यामुळं मधल्या सेवेवर दावा येण्याची शक्यता कमी राहते. गेटवेकडं चार्जबॅकचा, म्हणजे ग्राहकानं बँकेमार्फत पैसे परत ओढून घेतले तर त्याचा, भार तुमच्यावर असतो, तेवढा धरून चाला. ग्राहकाची तक्रार मात्र थेट तुमच्या दारात येणार.

कुठलीही वाट धरा, पण कलम वाचताना बघायचं ते असं. ‘दावा झाला तर’ लिहिलंय की ‘तुमची चूक सिद्ध झाली तर’? पहिल्यात खोटी तक्रारही तुमच्या खिशातून लढली जाते. तडजोड कोण करणार? करार कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे तडजोडीची रक्कम वसूल करायची तर ती तडजोड शहाण्या माणसानं केली असती अशी हवी, आणि लिहून देणाऱ्याच्या आदेशाविरुद्ध नको. प्लॅटफॉर्मनं तडजोडीचा पूर्ण अधिकार स्वतःकडं घेतला की आपला हा आधार पातळ होतो. तुमच्या देण्याला काही कमाल मर्यादा आहे का? त्यांची स्वतःची जबाबदारी ठरावीक रकमेवर थांबते आणि तुमची थांबतच नाही, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल. आणि शेवटी कोर्ट कुठलं. २०२५ पासून आपल्या शहरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, पण अटींत बेंगळुरू किंवा दिल्ली लिहिलेलं असलं आणि तिथल्या कोर्टाला मुळात अधिकार असला, तर ते कलम सहसा टिकतं.

नुसती खरेदी करणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या अनुचित कराराच्या तरतुदीचा आधार आहे. विक्रेता धंद्यासाठी खातं उघडतो, त्यानं त्यावर विसंबू नये.

महिन्याला वीस-पंचवीस जोड करणाऱ्या घरानं माझ्या मते स्वतःची साइट आणि सोबत एक पेज एवढ्यावरच सुरुवात करावी. शंभराच्या वर माल निघत असेल तर मार्केटप्लेसवर जरूर जा, पण तिथं फक्त आपल्या हातचा माल आणि आपले फोटो टाका, आणि शिल्लक साचू न देता पेमेंट वेळच्या वेळी खात्यावर येतंय का बघत राहा. आमच्याकडं आता भाचा सकाळच्या उन्हात अंगणात पोत्यावर जोड मांडतो आणि स्वतः फोटो काढतो. मूळ फाइली तारखेसकट आम्ही वेगळ्या जपून ठेवतो.