‘आल्यावर सह्या करू’ म्हणणाऱ्या लॉजपासून सावध

१४ मे २०२४. सकाळचे साडेसहा वाजले होते. मी कॅनडातल्या एका लॉजच्या किचनमध्ये नाश्त्याचे ट्रे लावत होते. मॅनेजर तीन कागद घेऊन आली. ‘पेरोलला लागतात, पटकन सह्या करा, दहाला पाहुण्यांचं विमान येतंय.’ आम्ही चौघी होतो. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या हाताला साबण. हात पुसले आणि सह्या केल्या. मला तिथे येऊन, कामाला लागून दोन दिवस झाले होते. मी फक्त एक गोष्ट केली. सही करण्याआधी तिन्ही कागदांचे फोनवर फोटो काढले. सही करायच्या कागदाची प्रत आपल्याकडे हवी, ही बाबांची शिस्त. पुढे जे काही हाती आलं, ते त्या फोटोंमुळे आणि एका वहीमुळे आलं.

कॅनडात शिकायला आलेली आपली बरीच मुलंमुली शिक्षण संपलं की अशी हंगामी कामं शोधतात. मीही त्यातलीच. व्हँकुव्हरला हॉस्पिटॅलिटीचा दोन वर्षांचा डिप्लोमा झाला, ओपन वर्क परमिट (म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करायची परवानगी) मिळालं, आणि मार्चमध्ये जाहिरात दिसली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्यावरचं अस्वलं दाखवणारं लॉज, ताशी २२ डॉलर, राहणं-जेवण धरून, १२ मे ते ३० सप्टेंबर. व्हिडिओवर मुलाखत झाली. बोलणं इतकं आपुलकीचं की मी भारावून गेले. करार मागितला तर म्हणाले, ‘इकडे सगळे घरच्यासारखे राहतात, आल्यावर सह्या करू.’ मी थांबायला हवं होतं ते याच वाक्यावर.

जागेबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट हे सुमारे ६४ लाख हेक्टरचं जंगल. समुद्राचे लांबच लांब चिंचोळे फाटे डोंगरांमध्ये आत शिरलेले, काठाला सीडर आणि स्प्रूसची उंच झाडं, आणि बहुतेक भागात रस्ता नाही. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाला पोर्ट हार्डी आहे, तिथून फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचं. आमचं लॉज ओंडक्यांच्या तराफ्यांवर तरंगणारं. भरती आली की सगळी इमारत वर, ओहोटी लागली की खाली, आणि काठावर जायचा पूल सकाळी सपाट तर दुपारी जिन्यासारखा उभा. मे-जूनमध्ये ग्रिझली अस्वलं खाडीच्या मुखाशी लव्हाळं चरायला येतात, अगदी गुरांसारखी. ऑगस्टपासून सामन मासे नदीत चढू लागतात आणि अस्वलं पाण्यात उभी राहून ते पकडतात. २०१७ च्या डिसेंबरात प्रांताने ग्रिझलीची शिकार बंद केली. आता इथे पोट चालतं ते अस्वलं बघायला येणाऱ्यांच्या पैशांवर, आणि हे चांगलंच आहे. जुलैमधल्या एका पहाटे मी भांडी विसळायला बाहेर आले, तर समोरच्या काठावर एक मादी दोन पिल्लांना घेऊन दगड उलटे करून खेकडे शोधत होती. मी तिथे कामाला गेले होते हे काही मिनिटं विसरलेच.

हे मुद्दाम सांगते आहे. जागा इतकी सुंदर असते की पैशांचा विषय काढायची लाज वाटते. ‘लोक इथे यायला हजारो डॉलर मोजतात, तुम्हाला तर आम्ही पगार देतो’ हे वाक्य आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकवलं जायचं. आणि बाहेर जायची वाट एकच, विमान. त्यातली जागा मॅनेजर ठरवणार. फोनला रेंज नाही. उपग्रहाचं वायफाय पाहुण्यांसाठी, कर्मचाऱ्यांना रात्री एक तास. त्या एका तासात आईशी बोलायचं की कायदा वाचायचा? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

तर ते तीन कागद. पहिल्यावर लिहिलं होतं की मूळ दर ताशी १८ डॉलर, आणि उरलेले ४ डॉलर ‘हंगाम पूर्ण केल्यास’ शेवटी एकरकमी. दुसऱ्यावर, राहण्या-जेवणाचे रोज २० डॉलर पगारातून कापायला माझी संमती. तिसरा सगळ्यात बिलंदर होता, ‘ॲव्हरेजिंग ॲग्रीमेंट’. प्रांताच्या एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स कायद्यात, म्हणजे कामगारांच्या किमान हक्कांच्या कायद्यात, अशी सोय खरंच आहे. कामाचे तास एक ते चार आठवड्यांवर सरासरीने धरता येतात. पण त्यासाठी करार लेखी हवा, तो लागू होण्याच्या तारखेआधी सही होऊन प्रत हातात पडलेली हवी, त्यात कामाचं वेळापत्रक हवं आणि करार कधी संपतो तेही हवं. आमच्या कागदावर वेळापत्रकाच्या जागी ‘गरजेप्रमाणे’ एवढंच होतं. संपण्याची तारीख नव्हती. आणि सहीची तारीख मॅनेजरने कोरी ठेवायला सांगितली.

काम किती? सकाळी सहा ते दोन, मग संध्याकाळी पाच ते आठ. दिवसाचे अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे ६६ तास, आणि सगळ्यांना सरळ १८ चा दर. कायद्याने दिवसाच्या आठ तासांनंतर दीडपट आणि बारानंतर दुप्पट द्यावे लागतात, आठवड्याच्या ४० तासांनंतरही दीडपट. माझ्या आठवड्यात दीडपटीचे २६ तास बसत होते. त्यातले फक्त वरचे अर्धे पैसे धरले, तरी आठवड्याला २३४ डॉलर बुडत होते. जूनमध्ये मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘लॉजना ओव्हरटाइम लागू नाही, आणि तू ॲव्हरेजिंगवर सही केली आहेस.’

या उत्तराने मला दोन महिने गप्प बसवलं, म्हणून त्यात खोट कुठे होती ते नीट सांगते. मासेमारीच्या आणि शिकारीच्या गाइडना तासांचे आणि ओव्हरटाइमचे नियम लागू नाहीत, हे खरं. ती गाइडपुरती सूट लॉजच्या नावाने सगळ्यांवर पांघरली. स्वयंपाक, खोल्या आणि भांडी करणारे त्या सवलतीत येत नाहीत. आणि ॲव्हरेजिंगचा करार अगदी बिनचूक असता, तरी आठवड्याच्या सरासरी ४० तासांवरच्या कामाला दीडपट द्यावीच लागते. अर्धं खरं सांगितलं की माणूस उरलेलं तपासत नाही.

पण जूनमधल्या त्या उत्तरापासून मी वही ठेवली. रोज किती वाजता कामाला लागले, कधी सुटले, मध्ये बसायला मिळालं का, सुटीच्या दिवशी बार्जवरून (सामानाच्या सपाट बोटीवरून) सामान उतरवायला बोलावलं का. पेनने, त्याच दिवशी, तारखेसकट. मे महिन्यातले दिवस आईला पाठवलेल्या मेसेजेसवरून जुळवून लिहिले आणि ‘नंतर लिहिले’ असं शेजारी नमूद केलं.

टिपांचंही सांगायला हवं. पाहुणे निघताना ऑफिसात पाकीट देत. ‘सगळ्यांच्या डब्यात जातं’ असं सांगितलं जायचं. २०१९ पासून या प्रांतात मालकाला कर्मचाऱ्यांची टिप स्वतःकडे ठेवता येत नाही, वाटून द्यायची असेल तर ती कर्मचाऱ्यांमध्येच. आम्हाला पूर्ण हंगामात दोनदा पैसे मिळाले, शंभर-शंभर डॉलर. डब्यात किती जमलं होतं हे कधी कळलं नाही, आणि म्हणूनच त्याचा दावाही नीट मांडता आला नाही.

माझ्या खोलीतली मैत्रीण माझ्याहून वाईट अडकली होती. तिचं परमिट क्लोज्ड, म्हणजे त्याच मालकाकडे काम करण्यापुरतं. तिचा पासपोर्ट ‘इथे दमट असतं, खराब होईल’ म्हणून ऑफिसच्या कपाटात. परदेशी कामगाराचा पासपोर्ट असा ताब्यात ठेवायला ब्रिटिश कोलंबियात मनाई आहे. तिने तासांबद्दल तोंड उघडलं की मॅनेजर शांतपणे म्हणायची, ‘तुझं परमिट रद्द करायला मला एक ई-मेल पुरेल.’ परमिट रद्द करणं मालकाच्या हातात नसतं. उलट क्लोज्ड परमिटवर छळ होत असेल तर कॅनडात २०१९ पासून वेगळं ओपन परमिट मागता येतं, त्याला शुल्कही नाही. हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ती रात्री भिंतीकडे तोंड करून रडायची आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसायचे. त्याची बोच अजून आहे.

आणि मग ८ सप्टेंबर. सामन अजून चढत होते, अस्वलं रोज दिसत होती. जेवणानंतर सांगितलं की बुकिंग कमी आहेत, उद्याच्या विमानाने आम्ही तिघींनी जायचं. हंगाम पूर्ण झाला नाही, म्हणून शेवटची रक्कम नाही. ३० सप्टेंबरला तीन आठवडे उरले होते. माझ्या वहीत ११२८ तास होते. ताशी ४ डॉलरने ४,५१२. शिवाय शेवटच्या चेकमधून परतीच्या विमानाचे ४८० डॉलर कापले, ‘मध्येच सोडल्याबद्दल’. मालकाने काम थांबवलं तर ४८ तासांत सगळा हिशेब चुकता करायचा असतो. मला चेक मिळाला सतराव्या दिवशी.

सगळ्यात मोठा घाव नंतर कळला. काम संपल्यावर मालक ‘रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट’ देतो. त्यात कारणाचा एक कोड असतो. हंगाम किंवा काम संपलं तर ए, स्वतः सोडलं तर ई. माझ्यावर ई होता. त्या एका अक्षरावर बेरोजगारी भत्ता अडतो. हा भत्ता देणाऱ्या सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाला मी ८ सप्टेंबरच्या रात्रीचा मॅनेजरचा मेसेज दाखवला, ‘उद्याच्या फ्लाइटची यादी’, त्यात माझं नाव. चौकशी होऊन कारण बदललं, पण त्यात नोव्हेंबर संपला आणि तोवर भाडं मैत्रिणींनी भरलं.

पगाराची तक्रार मी ऑक्टोबरात एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स ब्रँचकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या प्रांताच्या कार्यालयाकडे, ऑनलाइन केली. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मात्र शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. मालकाने ॲव्हरेजिंगचा कागद सादर केला. त्यावर आता तारीख होती, १० मे. त्या दिवशी मी व्हँकुव्हरला होते. माझ्या फोटोत तारखेची जागा कोरी होती आणि फोटो १४ मेचा. त्यानंतर त्या कागदाचा विषय पुन्हा निघाला नाही. तासांची नोंद त्यांच्याकडे नव्हती, माझी वही होती.

प्रकरण चौदा महिने चाललं आणि तडजोडीवर संपलं. ओव्हरटाइमचे ३,९७८ डॉलर पूर्ण मिळाले, विमानाचे ४८० पूर्ण, अडकवलेल्या ४ डॉलरवाल्या रकमेतले निम्मे, २,२५६. राहण्या-जेवणाचे १२१ दिवसांचे २,४२० मिळाले नाहीत, कारण त्या संमतीवर माझी सही होती. जाहिरातीत काय लिहिलं होतं, ते मी जपून ठेवलं नव्हतं. जाहिरात तोवर काढून टाकलेली. टिपांचे पैसेही गेले.

म्हणून जी मुलं आत्ता अशा कामांसाठी अर्ज करत आहेत, त्यांना हात जोडून सांगते. जाहिरात दिसताच तिचा स्क्रीनशॉट घ्या. फोनवर ठरलेलं सगळं त्याच दिवशी ई-मेलने लिहून पाठवा आणि उत्तर मागा. दर किती, त्यातला किती मागे ठेवणार, मालकाने लवकर पाठवलं तर मागे ठेवलेल्या पैशांचं काय, जेवणाचे किती कापणार, परतीचं विमान कोणाच्या खर्चाने. करार विमानात बसण्याआधी हातात नसेल तर बसू नका. पासपोर्ट कोणालाही ठेवायला देऊ नका. चांगली लॉज आहेत, माझ्या वर्गातला एक मुलगा दोन हंगाम समाधानाने काम करून आला. त्याला त्याचा करार एप्रिलमध्येच मिळाला होता.

गेल्या हंगामात कुठे काम केलं असेल आणि हिशेब पटत नसेल, तर आजच कॅलेंडर काढून शेवटच्या दिवसापासून सहा महिने मोजा. माझी मैत्रीणही माझ्याबरोबरच ९ सप्टेंबरला निघाली होती. मी तक्रार केली तेव्हा तिला किती वेळा म्हटलं, चल, बरोबर करू. परमिटच्या भीतीने ती थांबली. नवं परमिट हातात आल्यावर, २० मार्चला, तिने अर्ज भरला. मुदत ९ मार्चला संपली होती. तिचे तास माझ्याइतकेच होते, आणि तिची तक्रार घेतली गेली नाही.