व्हेंडर निवडताना: सोशल ऑडिटचा रिपोर्ट की पीएफचं चलन?

मोठ्या लिस्टेड कंपनीला माल देत असाल तर एव्हाना ती लांबलचक प्रश्नावली तुमच्याकडेही आली असेल. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण, कामगार अशा जबाबदाऱ्यांचा वार्षिक अहवाल) सक्तीचा केला, आणि ‘तुमचे पुरवठादार कामगारांना कसं वागवतात’ हा प्रश्न झिरपत आपल्या परचेसच्या टेबलावर आला. मग व्हेंडरकडे मागायचं काय? कामगारांना कसं वागवलं जातं हे तपासणाऱ्या एसए ८०००, स्मेटा असल्या खासगी सोशल ऑडिटचा रिपोर्ट, की सरकारकडे दरमहा भरलेलं पीएफ-ईएसआयचं चलन?

ऑडिटमध्ये कामाचे तास, बालमजुरी, स्वच्छतागृहं, तक्रारीची सोय असं बरंच येतं. ऑडिटर कामगारांशी वेगळा बसून बोलतो. चलनात यातलं काही दिसत नाही, हे मान्य. ग्राहक युरोपातला असेल तर बहुधा रिपोर्टावाचून तुमचं भागणारही नाही.

ऑडिट रिपोर्टवरून माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या शेडमध्ये पॅकिंग करणाऱ्या एका व्हेंडरचा रिपोर्ट चकाचक होता, पण गेटवर येणारी माणसं सारखी बदलायची. विचारलं की ठरलेलं उत्तर : “ते आमचे नाहीत साहेब, ठेकेदाराचे.” रिपोर्ट त्याच्या कारखान्याच्या पत्त्यापुरता, आमच्याकडे राबणारे हात त्यात नव्हतेच. आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. म्हणजे आम्हीच.

पीएफच्या ईसीआरमध्ये, म्हणजे चलनामागच्या कामगारांच्या मासिक यादीत, माणसागणिक नाव, यूएएन (त्याचा कायमचा पीएफ नंबर) आणि ज्यावर पीएफ कापला तो पगार असतो. मागच्या महिन्याचं चलन १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ते आलं की गेटच्या रजिस्टरशी नावं ताडायची. बेसिक कमी दाखवायची चलाखी यातही चालते म्हणा, पण आकडा समोर असतो, त्यावर बोट ठेवता येतं.

एक अडचण मात्र खरी. २० पेक्षा कमी माणसांच्या युनिटला सहसा पीएफ लागू नसतो. सरकारी खात्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं सरकारचंच धोरण. आपण चलनावर अडून बसलो तर नेमके हेच गळतात. तिथे मी मस्टर आणि बँकेतून गेलेला पगार बघतो.

बाकी सगळ्यांना आता बिलासोबत ईसीआर लावावा लागतो. एकाने त्यावर रेट वाढवून मागितला. दिला, पीएफ भरायचा तर तो वाढणारच.