पहिली ते चौथीला संगणक शिकवायचा तर: टॅब, लॅपटॉप की काजूच्या बिया?

गणपतीत मुंबईकर गावी आले, वाडीच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला आणि मंडळाने वर्गणीतली काही रक्कम शाळेसाठी बाजूला काढली. "मुलांना कॉम्प्युटर शिकवा, बाई," एवढीच अट घातली. शेजारच्या केंद्रात (शाळांच्या गटात) शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीवर यंदा ही वेळ आली. तिचा फोन आला: टॅब घेऊ, लॅपटॉप घेऊ, की सरळ एखाद्या कोडिंग क्लासवाल्यालाच बोलवू?

आमची शाळा कोकणातली, द्विशिक्षकी, पट विशीच्या आसपास. पावसाळ्यात वीज दिवसदिवस नसते आणि रेंज मिळवायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, जावं लागतं. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यासमोर होता आणि तेव्हापासून यातलं बहुतेक सगळं मी वर्गात वापरून पाहिलं आहे. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

तिला आधी मी एकच काम दिलं. उद्या वर्गात विचार, घरी फोन कोण कोण हाताळतं? तो कोणाचा आहे? त्याचं लॉक तुला माहीत आहे का? माझ्या वर्गात जवळजवळ सगळे हात वर गेले होते. फोन आईचा, आजोबांचा किंवा मुंबईहून आलेल्या काकाचा, आणि लॉक सगळ्यांना पाठ. म्हणजे आपण शाळेसाठी जे यंत्र विकत घेणार, ते मूल आठवड्यातून तासभर वापरणार आणि घरातला मोबाईल रोज. त्या मोबाईलवर खातं मोठ्या माणसाचं, बँकही त्यातच. म्हणून संगणक शिकवणं आणि ऑनलाइन सुरक्षितता हे दोन निर्णय वेगळे धरावेत. पहिल्याला थोडी वाट पाहता येते, दुसऱ्याला नाही.

यंत्राशिवाय

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९० च्या दशकात 'सीएस अनप्लग्ड' नावाचे उपक्रम तयार केले. संगणकाला हात न लावता संगणकशास्त्र शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातल्या लोकांच्या संघटनेने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' सुरू केली. तिथे याच धर्तीच्या पाठयोजना मिळतात आणि त्या मराठीतही आहेत.

मी सुरुवात द्विमान संख्यांपासून करते, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या संख्यांपासून. पाच पुठ्ठे घ्यायचे. त्यांवर उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८ आणि १६ काजूच्या बिया चिकटवायच्या (देशावर चिंचोके घ्या). पाच मुलं पुठ्ठे धरून ओळीत उभी राहतात. वर्गाने एक संख्या सांगायची आणि त्यांनी ठरवायचं, कोणी पुठ्ठा दाखवायचा आणि कोणी उलटा धरायचा. दिसणारा पुठ्ठा म्हणजे १, उलटा म्हणजे ०. १९ म्हटलं की १६, २ आणि १ दिसतात, म्हणजे १००११. पाच पुठ्ठ्यांत ३१ पर्यंतच्या सगळ्या संख्या बसतात, म्हणून प्रत्येकाच्या जन्मतारखेचा दिवसही बसतो. मुलं काळ्या-पांढऱ्या मण्यांत आपली तारीख ओवून गळ्यात घालतात आणि मिरवतात.

इथे मी थांबते आणि विचारते, "ही माळ पाहून तुझी जन्मतारीख कोणाकोणाला कळेल?" उत्तर येतं, ज्याला ही युक्ती ठाऊक आहे त्याला. मग पुढचा प्रश्न: घरातल्या कोणाच्या फोनचं लॉक जन्मतारीख आहे? वर्ग एकदम शांत होतो. चौथीच्या मुलांना यातलं गणितही झेपतं. चार आकड्यांचा पिन १०,००० प्रकारे ठेवता येतो, पण तो दिनांक आणि महिना असा ठेवला तर जास्तीत जास्त ३६६ प्रकार उरतात. वैयक्तिक माहिती जपावी हे शब्दांत सांगून पोचत नव्हतं, ते या हिशेबातून पोचलं.

या पद्धतीच्या उणिवाही सांगते. तयारीला वेळ लागतो. पालक म्हणतात, बिया मांडून कसला कॉम्प्युटर? आणि मुख्य म्हणजे आपली सूचना यंत्र जशीच्या तशी पाळतं आणि आपली चूक तोंडावर फेकतं, हा अनुभव पुठ्ठ्यांतून मिळत नाही. सूचना चुकली तरी पुठ्ठा धरलेली वर्गमैत्रीण समजून घेते, यंत्र तसं करत नाही.

टॅब

पहिली-दुसरीला स्क्रॅच ज्युनियर हे ठोकळे जोडून पडद्यावरचं पात्र हलवायचं ॲप फार चांगलं. ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे, फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. त्यातले ठोकळे चित्रांचे आहेत, त्यामुळे ज्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत तोही मांजराला चालवतो, उड्या मारायला लावतो. टॅब चार्ज केलेला असला की वीज गेली तरी तास बुडत नाही, आमच्याकडे ही मोठीच गोष्ट.

त्रास दुसरीकडे होतो. टॅब हातात आला की मुलाचा अंगठा आपोआप यूट्यूबकडे जातो, कारण घरी त्या चौकोनाचा अर्थ तोच असतो. सेटिंगमध्ये ॲप पिनिंग चालू केलं तर एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवता येतं. हे पहिल्या दिवशीच करा. आणि टॅबमध्ये स्वतःचं गुगल खातं कधीही घालू नका. घाईघाईत मी ते केलं होतं. माझे घरचे फोटो आणि ओळखीच्यांचे नंबर वर्गातल्या टॅबवर दिसू लागले. शाळेचं वेगळं खातं काढा आणि त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांच्या नोंदीत ठेवा.

तिसरी-चौथीला टॅब अपुरा वाटू लागतो. बोटाने सरकवणं मुलांना आधीच येतं, नवीन काही शिकल्यासारखं होत नाही.

लॅपटॉप

माझा कौल इथे आहे, आणि नवेच हवेत असं नाही. मुंबईतल्या कचेऱ्या बदलून टाकतात ते जुने लॅपटॉप लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली घालून छान चालतात. त्यात दोन गोष्टी पुरेत. जीकॉम्प्रिस हे मुक्त सॉफ्टवेअर दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात माऊस धरण्यापासून अंकगणितापर्यंत शंभराहून जास्त कृती आहेत. दुसरं म्हणजे स्क्रॅच, ठोकळे जोडून प्रोग्राम तयार करायची मुलांची भाषा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने ते २००७ मध्ये खुलं केलं. साधारण आठ वर्षांपासून पुढे ते जमतं. संकेतस्थळावर खातं काढलं तर जगभरची मुलं एकमेकांची कामं पाहतात, त्यांवर लिहितात. चौथीपर्यंत मी तिकडे जात नाही, उतरवून घेतलेली आवृत्तीच वापरते.

दोघांत एक लॅपटॉप ठेवावा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सांगायचं, आणि सात-आठ मिनिटांनी जागा बदलायच्या. घड्याळाकडे लक्ष ठेवा, नाहीतर मुलगेच माऊस धरून बसतात आणि मुली बघत राहतात. हे मी प्रत्येक वर्षी पाहिलं आहे.

एका जोडीने पाढे विचारणारं मांजर केलं होतं. मांजर दोन आकडे निवडतं, गुणाकार विचारतं, उत्तर तपासतं. दोघींनी चालवून पाहिलं. २ गुणिले २, उत्तर ४, मांजर म्हणालं "बरोबर!" आनंदाने मला बोलावलं. मी ३ गुणिले ५ चं उत्तर १५ दिलं आणि मांजर म्हणालं "चूक." दोघी रडवेल्या झाल्या. अर्धा तास शोधल्यावर सापडलं, तपासणीच्या ठिकाणी गुणाकाराऐवजी बेरजेचा ठोकळा लागला होता. २ अधिक २ सुद्धा ४ च होतात, म्हणून पहिल्या खेपेला चूक लपून राहिली. एका उदाहरणावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या दोघी आता मला शिकवतात. हा अर्धा तास पुठ्ठ्यांवर मिळाला नसता आणि कुठल्या व्हिडिओतूनही नाही.

उरलेले दोन पर्याय

डेस्कटॉपची खोली आमच्यासारख्या शाळेला परवडत नाही. वीज गेली की सगळं बंद, दमट हवेत यंत्रं लवकर बिघडतात, आणि तिथे बहुधा सीपीयू-मॉनिटरच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात.

कोडिंग क्लासबद्दल एवढंच सांगते: घाबरून पैसे देऊ नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगच्या कृती सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेवल्या आहेत. दुसरीतलं मूल मागे पडतंय अशी भीती दाखवून कोणी विकत असेल तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा. क्लासचे शिक्षक वर्षभराने जातात, यंत्रं आणि तुमचा सराव शाळेत राहतो.

सुरक्षितता: व्याख्यान, खेळ की परिपाठ

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांनाही संगणनाचा अभ्यासक्रम आहे. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की अगदी लहान गटाच्या यादीतच अल्गोरिदमबरोबर (काम करायच्या क्रमवार पायऱ्या) वैयक्तिक माहिती खाजगी ठेवणं आणि काही खटकलं तर मदत कुठे मागायची, हेही आहे. आपल्याकडे हा विषय बहुधा वर्षातून एका व्याख्यानापुरता येतो. पोलीस ठाण्यातून कोणी येतं, कळकळीने बोलतं, मुलं टाळ्या वाजवतात. व्याख्यान नको असं नाही. गणवेशातल्या माणसाच्या तोंडून १९३० आणि १०९८ हे क्रमांक ऐकले की लक्षात राहतात. पैशांची सायबर फसवणूक झाली तर लगेच १९३० लावायचा, कारण जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. मुलाला कसलाही त्रास असेल तर १०९८. पण सात वर्षांचं मूल एका तासात सवय लावून घेत नाही.

गुगलचा इंटरलँड हा खेळ रंजक आहे. पासवर्ड, खोटी माहिती, सांभाळून शेअर करणं, चांगलं वागणं असे चार प्रदेश आहेत. मात्र तो इंटरनेटवर चालतो, आणि आमच्या मुलांच्या घरातली संकटं त्या बेटांवर दिसत नाहीत. ती परिपाठात आणावी लागतात. आठवड्यातून एक दिवस, दहा मिनिटं, एक प्रसंग मुलांनी करून दाखवायचा. फोन येतो, "तुमच्या आईला बक्षीस लागलंय, पिन टाका." इथे एकच वाक्य पाठ करून घ्या: पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, तो लागतो द्यायला. बालभारतीच्या पुस्तकांमुळे क्यूआर कोड मुलांना ओळखीचा आहे, तोच दुकानात पैसे द्यायलाही असतो, मग दिसेल तो चौकोन स्कॅन करायचा का? खेळात भेटलेला 'दादा' म्हणतो, "हे आपलं गुपित, घरी सांगू नकोस." चांगला स्पर्श, वाईट स्पर्श आपण शिकवतोच, त्याच्याच शेजारी हे ठेवायचं: मोठ्या माणसाने लपवायला सांगितलेली गोष्ट आधी आईला सांगायची. आणि आई रागावून फोन काढून घेणार नाही, याची हमी आईकडून घ्यायची. मुलं गप्प बसतात ती बहुतेक याच भीतीने.

म्हणून पालकसभा. मी त्या दिवशी भाषण करत नाही. फोन काढायला सांगते आणि तीन कामं तिथेच करून घेते: लॉक बदलणं, यूपीआयचा पिन वेगळा ठेवणं, मूल वापरतं त्या यूट्यूबचा इतिहास उघडून पाहणं. तिसऱ्या कामाला काही आया गंभीर होतात.

आपल्याकडूनही एक दुरुस्ती हवी. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आपण तिथे मुलांचे नावासकट फोटो टाकतो. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर नंबर एकमेकांना दिसत नाहीत, मात्र आपला नंबर त्यांनी सेव्ह केलेला हवा. एखादं फुकट ॲप मुलांची नावं, जन्मतारखा, फोटो मागत असेल तर थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा पाया धरला आहे.

मैत्रिणीच्या शाळेत पट २४, त्यातली १३ मुलं तिसरी-चौथीत. तिला मी सांगितलं: सहा जुने लॅपटॉप, पहिली-दुसरीसाठी दोन टॅब, एक कुलपाचं कपाट, आणि उरलेल्या पैशांत लॅपटॉपच्या नव्या बॅटऱ्या. मंडळाने यंत्रं दिवाळीत आणून द्यायचं कबूल केलंय. तोवर तिने पुठ्ठे कापायला घेतलेत आणि पालकसभेची तारीख दसऱ्याच्या आधीची ठरवली आहे, कारण मग भातकापणी सुरू होते आणि कोणी येत नाही.